उहुदची जियारत: अर्ध्या दिवसाच्या बसफेरीत हजरत मुसअब किती कळतात?

उमऱ्याच्या पॅकेजमध्ये मदिनेत 'जियारत' म्हणून जी अर्ध्या दिवसाची बसफेरी मिळते, तिचं हे परीक्षण आहे. मुंबईहून निघणाऱ्या बहुतेक पॅकेजांत ती धरलेली असते. रत्नागिरी-रायगडची कोकणी कुटुंबं असोत की मराठवाड्यातली मंडळी, उहुद पाहिलं जातं ते तिच्याच भरवशावर. थांबे साधारण ठरलेले: मस्जिद-ए-कुबा, मस्जिद-ए-किबलतैन, खंदकाच्या लढाईची जागा, उहुद, आणि मध्येच किंवा शेवटी खजुरांचं दुकान. एकूण तीन ते चार तास. बाकीच्या थांब्यांसाठी हा वेळ चालून जातो. कुब्याला दोन रकात नमाज पढायची, किबलतैनला मस्जिद पाहायची, खंदकापाशी सल्अच्या डोंगराखाली दहा-पंधरा मिनिटं उभं राहायचं. उहुदला मात्र ही फेरी कमी पडते. तिथे जे घडलं ते जमिनीवर उभं राहून, दिशा समजून घेतल्याशिवाय उमगतच नाही, आणि घाईत सगळ्यात आधी गळतं ते हजरत मुसअब इब्न उमैर (रजि.) यांचं नाव.

पैगंबरांचे (स.) चुलते हजरत हमजा (रजि.) यांचं नाव प्रत्येक गाइड घेतो, घ्यायलाच हवं. पण उहुदच्या लढाईत मुसलमानांचं निशाण हातात धरून जे शेवटपर्यंत हलले नाहीत, ते मुसअबही याच मैदानात दफन आहेत. पाच-सहा वाक्यांत सांगून संपवावी अशी त्यांची हकीकत नाही.

आधी वेळेचा हिशेब. बस चाळीस-पन्नास आसनांची असते आणि उहुदला बहुधा अर्धा तास जाहीर होतो. म्हातारी माणसं, लहान मुलं, व्हीलचेअर धरून सगळे उतरायला दहा मिनिटं लागतात, परत चढून मोजदाद व्हायला तेवढीच. हातात उरतात दहा मिनिटं. त्यात लोक कबरस्तानाच्या कुंपणापाशी जाऊन सलाम म्हणतात, एखादा फोटो काढतात आणि परत फिरतात. समोरची टेकडी कशाची, डोंगर कोणता, लढाई कुठे झाली, याची नीट ओळख न होताच माणसं बसमध्ये बसलेली असतात. त्याच फेरीत खजुरांच्या दुकानाला पाऊण तास मिळतो, हे खटकतं. दुकानदाराकडून फेरीवाल्याला काही मिळत असेल तर तो त्यांचा व्यवहार, पण यात्रेकरूंचा वेळ तिथे खर्ची पडू नये.

दुसरी अडचण क्रमाची. अनेक बस आधी कुबा करतात आणि उहुदला दहा-साडेदहाला पोहोचतात. मे ते सप्टेंबर या काळात मदिनेत दुपारी पारा सर्रास ४० अंशांच्या वर असतो, आणि उहुदचं पटांगण उघडं आहे. खालची फरशी तापलेली, वरून ऊन, अशात कोणी दहा मिनिटांहून जास्त थांबत नाही. म्हणून बुकिंग करतानाच सांगावं की उहुद पहिलं घ्या. फज्रची नमाज मस्जिद-ए-नबवीत पढून, नाश्ता न करता किंवा खजूर-पाण्यावर निघालं, तर सूर्य वर यायच्या आत टेकडी चढून होते. उहुद मस्जिद-ए-नबवीच्या उत्तरेला जेमतेम चार-पाच किलोमीटरवर आहे, पहाटे पंधरा मिनिटांत पोहोचता येतं. कुबा दक्षिणेला, म्हणजे नेमकं उलट दिशेला. पैगंबर (स.) शनिवारी कुब्याला जात असत, त्यामुळे शनिवारी तिथे गर्दी दाटते. फेरी शनिवारी असेल तर उहुद आधी घेण्याला हे आणखी एक कारण.

आता जागा कशी आहे ते. बस किंवा टॅक्सी ज्या पटांगणात सोडते तिथून उत्तरेला तोंड केलं की समोर लांबच लांब तांबूस डोंगर दिसतो. तो उहुद. पूर्व-पश्चिम सुमारे सात किलोमीटर पसरलेला, समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या थोडा वर. पटांगणाजवळची बुटकी टेकडी म्हणजे उहुद नव्हे. ती जबल-ए-रुमात, म्हणजे तिरंदाजांची टेकडी, जुन्या ग्रंथांत तिचं नाव ऐनैन. या दोन्हींची गल्लत इतकी होते की टेकडीवर चढून "आम्ही उहुद चढलो" असं सांगणारी माणसं गावोगाव भेटतील. टेकडी आणि डोंगर यांच्या मध्ये, भिंत आणि कुंपण घातलेल्या मोकळ्या जागेत शहिदांचं कबरस्तान आहे. शेजारी मोठी नवी मस्जिद, मस्जिद-ए-सय्यदुश्शुहदा. वजू आणि स्वच्छतागृहाची सोय तिथे आहे, ती आधी उरकून घ्यावी, कारण पुढच्या थांब्यापर्यंत दुसरी सोय नाही.

गर्दी ज्या क्रमाने जाते त्याच्या उलट जावं: आधी टेकडी, मग कबरस्तान. बसमधली माणसं आधी कुंपणापाशी जातात, आणि टेकडीची पाळी येईपर्यंत हॉर्न वाजतो. टेकडी चढायला सुदृढ माणसाला पाच-सात मिनिटं पुरतात. पण लाखो पावलांनी तिचा खडक गुळगुळीत झालाय आणि काही जागी मुरमाड माती निसटते. चामडी तळव्याच्या चपला आणि रबरी स्लिपर घालून चढणारे उतरताना घसरतात. पकड असलेले बूट घालावेत. अबाया किंवा बुरखा लांब असेल तर चढताना पुढून आणि उतरताना मागून उचलून धरावा, कारण उतरताना मागचा घोळ पायाखाली येतो. गुडघ्याचा त्रास असेल तर वर जायचा हट्ट नको, पायथ्याशी उभं राहूनही निम्मं समजतं. व्हीलचेअर पटांगणातून कुंपणापर्यंत सहज जाते, टेकडीवर नाही. उन्हाळ्यात माणशी एक लिटर पाणी, हिवाळ्यात अर्धा. छत्री हवीच. मस्जिद-ए-नबवीशेजारच्या बकी कबरस्तानात स्त्रियांना आत जाता येत नाही, इथे मात्र कुंपणाबाहेर सगळेच उभे राहतात, त्यामुळे स्त्रियांना शहिदांच्या जवळ उभं राहून सलाम म्हणता येतो. बसमधल्या बायकांना हे आधी सांगून ठेवलं तर त्या मागे राहत नाहीत.

टेकडीवर उभं राहून उहुदकडे तोंड करावं आणि लढाईची मांडणी डोळ्यांपुढे आणावी. हिजरी ३, शव्वाल महिना, इसवी सन ६२५. मक्केहून कुरैश टोळीची ३,००० माणसं आली, त्यांत २०० घोडेस्वार. मदिनेतून निघताना मुसलमान साधारण १,०००, पण वाटेत मदिनेतला एक सरदार अब्दुल्लाह इब्न उबै आपले ३०० लोक घेऊन परतला. उरले ७००. पैगंबरांनी (स.) उहुदला पाठीशी घेतलं, तोंड मदिनेकडे केलं आणि ही टेकडी डाव्या हाताला ठेवली. तिच्यावर हजरत अब्दुल्लाह इब्न जुबैर (रजि.) यांच्या हाताखाली ५० तिरंदाज ठेवले आणि बजावलं की आम्ही जिंकताना दिसलो किंवा हरताना दिसलो तरी जागा सोडायची नाही. पाठीला डोंगर असल्यावर घोडदळाला मागून यायची एकच वाट उरते, ती या टेकडीला वळसा घालून. वर उभं राहिलं की हे कोणी सांगावं लागत नाही. आज चहूकडे रस्ते आणि इमारती आहेत, पण टेकडी आणि डोंगर यांच्यामधलं अंतर तेच आहे.

सुरुवातीला कुरैश मागे हटले. तिरंदाजांना वाटलं लढाई संपली, आणि बहुतेक जण गनिमतीचा, म्हणजे लढाईत हाती लागलेला माल गोळा करायला खाली उतरले. अब्दुल्लाह इब्न जुबैर आणि थोडेसे सोबती जागेवर राहिले आणि तिथेच शहीद झाले. खालिद इब्न वलीद तेव्हा कुरैशच्या घोडदळाचे सरदार होते. त्यांनी टेकडीला वळसा घातला आणि मुसलमानांच्या पाठीवर आले. शहिदांची संख्या ७०च्या आसपास गेली.

इथे गाइडांबद्दल एक तक्रार आहे. बरेच गाइड या ठिकाणी तिरंदाजांना दूषणं देत बसतात, आवाज चढवून "एका चुकीने सगळं घालवलं" असं सांगतात. चूक झाली हे कुरआनातच आहे, सूरह आले इमरानच्या १५२व्या आयतीत. पण त्याच आयतीत माफीही आहे. १५५व्या आयतीत ती पुन्हा येते, आणि १५९व्या आयतीत पैगंबरांना (स.) सांगितलं जातं की त्यांना माफ करा आणि कामात त्यांचा सल्ला घ्या. ज्यांना अल्लाहने माफ केलं त्यांना टेकडीवर उभं राहून दोष देणं हा अदब नव्हे. चांगला गाइड १५२ सांगितल्यावर १५९पर्यंत जातो. गाइड कसा आहे हे पारखायला एवढं पुरे.

आता मुसअब. त्यांची हकीकत उहुदवर सुरू होत नाही, म्हणून ती बसमध्येच, प्रवासात ऐकलेली किंवा वाचलेली बरी. गाइड सांगत नसेल तर घरातल्या कोणीतरी खालचं एवढं वाचून दाखवावं. दहा मिनिटांत होतं.

मुसअब मक्केच्या बनू अब्दुद्दार घराण्यातले. कुरैशचं निशाण धरण्याचा मान पिढ्यानपिढ्या याच घराण्याकडे. आई खुनास बिन्त मालिक श्रीमंत आणि करारी. मुलाला मक्केतले सगळ्यात चांगले कपडे, सगळ्यात चांगलं अत्तर. इस्लाम अजून अरकम (रजि.) यांच्या घरात गुपचूप शिकवला जात होता, तेव्हा मुसअब तिथे गेले आणि मुसलमान झाले. आईपासून लपवून ठेवलं. उस्मान इब्न तल्हा यांनी त्यांना नमाज पढताना पाहिलं आणि आईला आणि घरच्यांना सांगितलं. घरच्यांनी त्यांना कोंडून ठेवलं. ते निसटले आणि हबशाला, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या बाजूला हिजरत करून गेले. परत आले तेव्हा अंगावरचे कपडे जाडेभरडे होते. आईने मदतीचा हात काढून घेतला होता. ते तिच्याशी उद्धटपणे वागले नाहीत आणि आपल्या दीनपासून हटलेही नाहीत.

मक्केजवळ अकबा इथे मदिनेच्या लोकांनी घेतलेल्या पहिल्या बैअतनंतर, म्हणजे निष्ठेच्या शपथेनंतर, इसवी सन ६२१च्या सुमारास, पैगंबरांनी (स.) त्यांना मदिनेला पाठवलं, तिथल्या लोकांना कुरआन शिकवायला. पैगंबर (स.) अजून मक्केतच होते. तलवार नाही, टोळी नाही, परक्या गावात एकटा माणूस. असअद इब्न जुरारा (रजि.) यांच्या घरी ते उतरले. एकदा एका बागेत विहिरीपाशी लोक जमले असताना मदिनेच्या औस टोळीचे एक सरदार उसैद इब्न हुदैर भाला घेऊन आले आणि म्हणाले, जीव प्यारा असेल तर इथून निघा. मुसअब एवढंच म्हणाले: बसा, ऐका, पटलं तर घ्या, नाही पटलं तर आम्ही थांबतो. उसैदनी भाला जमिनीत रोवला आणि बसले. त्या दिवशी ते मुसलमान झाले, त्यांच्या मागून साद इब्न मुआज झाले, आणि सादांच्या शब्दावर त्यांची अख्खी टोळी. पुढच्या वर्षी अकबाच्या दुसऱ्या बैअतला मदिनेहून ७३ पुरुष आणि २ स्त्रिया मक्केत आल्या. पैगंबर (स.) मदिनेत आले तेव्हा गाव तयार होता, आणि त्या तयारीत मुसअब यांचा मोठा वाटा आहे. धाडस म्हटलं की लोक उहुदचा शेवटचा प्रसंग सांगतात. भाल्यासमोर शांतपणे "बसा" म्हणणं हे त्याहून कमी नव्हतं.

उहुदच्या आधीच्या बद्रच्या लढाईतही मुहाजिरांचं, म्हणजे मक्केहून हिजरत करून आलेल्यांचं निशाण त्यांच्याकडे होतं. लढाई संपल्यावर त्यांचा सख्खा भाऊ अबू अजीज कैद झाला होता आणि एक अन्सारी, म्हणजे मदिनेचे मुसलमान, त्याचे हात बांधत होते. मुसअब जाता जाता म्हणाले, घट्ट बांधा, याची आई श्रीमंत आहे, खंडणी देईल. भावाने विचारलं, भाऊ म्हणून माझ्यासाठी हीच शिफारस? मुसअब म्हणाले, माझा भाऊ तू नाहीस, हे आहेत. नातं तोडायची त्यांना हौस नव्हती. त्या घराने कोंडलं होतं तेव्हा या लोकांनी दार उघडलं होतं, आणि मुसअब त्यांच्या बाजूने उभे राहिले.

आणि मग उहुद. समोर कुरैशचं निशाण त्यांच्याच घराण्यातल्या माणसांच्या हातात, इकडे मुसलमानांचं निशाण मुसअब यांच्या हातात. कुरैशच्या बाजूला बनू अब्दुद्दारचे निशाणवाले एकापाठोपाठ एक पडले. म्हणजे मुसअब ज्यांच्यासमोर उभे होते त्यांत त्यांचे स्वतःचे नातलग होते. टेकडीवर गाइड हे सांगत नाहीत, आणि हे कळल्याशिवाय त्यांची निष्ठा किती मोठी होती याचा अंदाज येत नाही.

घोडदळ मागून आल्यावर फळी मोडली. इब्न कमिआ नावाचा कुरैशी घोडेस्वार "मुहम्मद कुठे आहेत दाखवा" असं ओरडत आला. त्याच्या आडवे जे उभे राहिले त्यांत मुसअब होते, आणि उम्मे अम्मारा नुसैबा बिन्त काब (रजि.) होत्या. उम्मे अम्मारा सकाळी पाण्याची मशक घेऊन जखमींना पाणी पाजायला आल्या होत्या. फळी मोडली तेव्हा त्यांनी तलवार उचलली. अकबाच्या दुसऱ्या बैअतमधल्या त्या दोन स्त्रियांपैकी त्या एक. इब्न कमिआने त्यांच्या खांद्यावर केलेला घाव खोल गेला आणि बराच काळ भरला नाही. त्यांनीही त्याच्यावर वार केले, पण त्याने दोन चिलखतं घातली होती. मुसअब त्याच्याच हाताने शहीद झाले. चेहरेपट्टीने ते पैगंबरांसारखे (स.) दिसत, त्यामुळे इब्न कमिआला वाटलं आपण पैगंबरांनाच मारलं, आणि त्याने तसं ओरडून सांगितलं. ती अफवा मैदानभर पसरली. सूरह आले इमरानची १४४वी आयत, मुहम्मद हे एक रसूलच आहेत, ते वारले किंवा मारले गेले तर तुम्ही मागे फिराल का, ही याच दिवसाबद्दलची आहे. पुढे निशाण हजरत अली (रजि.) यांनी हातात घेतलं.

गाइड हमखास सांगतात की मुसअब यांचा उजवा हात तुटला तेव्हा निशाण डाव्या हातात घेतलं, डावा तुटला तेव्हा दंडांनी छातीशी धरलं. ही रिवायत, म्हणजे परंपरेने आलेली हकीकत, सीरतच्या (पैगंबरांच्या चरित्राच्या) जुन्या ग्रंथांत आहे, म्हणून सांगायला हरकत नाही. मात्र ती बुखारी या सगळ्यात विश्वासार्ह मानल्या जाणाऱ्या हदीससंग्रहातल्या हदीसच्या तोडीची सनद असल्यासारखी सांगू नये. बुखारीत जे आहे ते वेगळं आहे आणि ते ऐकायला हृदय घट्ट लागतं. हजरत खब्बाब (रजि.) सांगतात की मुसअब यांच्या कफनाला एक पट्ट्यापट्ट्यांची चादर सोडून काही मिळालं नाही. डोकं झाकलं की पाय उघडे पडत, पाय झाकले की डोकं. पैगंबरांनी (स.) सांगितलं की डोकं झाका आणि पायांवर इजखिर गवत घाला. मक्केत सगळ्यात चांगले कपडे ज्याच्या अंगावर असत त्याची ही शेवटची चादर. हजरत अब्दुर्रहमान इब्न औफ (रजि.) पुढे खूप श्रीमंत झाले. एका रोज्याच्या दिवशी त्यांच्यासमोर जेवण आलं तेव्हा ते म्हणाले, मुसअब माझ्यापेक्षा चांगले होते आणि त्यांना एका चादरीत दफन केलं, आणि आम्हाला दुनिया एवढी मिळाली. ते रडू लागले आणि जेवण तसंच ठेवून उठले. हेही बुखारीत आहे.

आणखी एक गोष्ट बसमधल्या स्त्रियांना सांगायलाच हवी. मुसअब यांच्या पत्नी हमना बिन्त जहश (रजि.). त्यांना आधी मामा हजरत हमजा शहीद झाल्याचं सांगितलं, त्या इन्ना लिल्लाही म्हणाल्या. भाऊ अब्दुल्लाह इब्न जहश शहीद झाल्याचं सांगितलं, तेच म्हणाल्या. मुसअब यांचं नाव आलं तेव्हा त्यांच्या तोंडून किंकाळी निघाली. पैगंबर (स.) म्हणाले, बाईच्या मनात नवऱ्याची जागा वेगळीच असते. त्यांनी रागावून गप्प केलं नाही, हे लक्षात घ्यावं.

एवढं माहीत असलं की टेकडीवरून खाली उतरून कुंपणापाशी उभं राहणं वेगळं होतं. आत पाहिलं तर सपाट माती आणि दगड दिसतात. कोणत्याच कबरीवर नावाची पाटी नाही. गाइड बोट दाखवून "ही यांची, ती त्यांची" सांगतात, तेव्हा हजरत हमजा यांची दगडांनी आखलेली जागा सोडली तर बाकीच्या खुणा पक्क्या मानू नयेत. शहिदांना न आंघोळ घालता, त्यांच्याच कपड्यांत, दोन-दोन जणांना एका कबरीत ठेवलं, आणि ज्याला कुरआन जास्त पाठ त्याला आधी उतरवलं, असं हजरत जाबिर (रजि.) सांगतात. शिवाय हा वादी कनातचा पट्टा आहे, पावसाचे लोंढे येतात. जाबिर यांचे वडील आणि अम्र इब्न जमूह (रजि.) यांची कबर ४६ वर्षांनी पुराच्या पाण्यामुळे उघडी पडली म्हणून ती हलवावी लागली, असं इमाम मालिक यांच्या मुवत्ता या हदीसग्रंथात आहे. नेमकी जागा शोधण्यापेक्षा सगळ्यांना मिळून सलाम करावा: अस्सलामु अलैकुम अहलद्दियारि मिनल मुअमिनीना वल मुस्लिमीन, व इन्ना इन शाअल्लाहु बिकुम लाहिकून. तोंडपाठ नसेल तर मोबाइलवर लिहून न्यावं. कुंपणाला हात लावून तोंडावर फिरवणं, दोरे बांधणं, चिठ्ठ्या टाकणं यांना तिथले रखवालदार हटकतात, आणि बरोबरच करतात.

गाइडकडून हमखास होणाऱ्या आणखी दोन चुका. पहिली: सूरह अहजाबची २३वी आयत, ज्यांनी अल्लाहशी केलेला करार खरा करून दाखवला, ही फक्त मुसअब यांच्यासाठी उतरली असं ठासून सांगणं. मुसअब यांच्यापाशी उभं राहून पैगंबरांनी (स.) ती पढल्याची रिवायत आहे, पण बुखारीत ती उहुदलाच शहीद झालेल्या अनस इब्न नजर (रजि.) यांच्या संदर्भात येते. त्यांच्या अंगावर ८०हून जास्त जखमा होत्या आणि बहिणीने त्यांना बोटांच्या टोकांवरून ओळखलं. दोन्ही सांगावं. दुसरी चूक: डोंगराच्या कपारीकडे बोट दाखवून "पैगंबर (स.) इथल्या गुहेत थांबले" म्हणणं. जुन्या ग्रंथांत डोंगराच्या खिंडीकडे माघार घेतल्याचं येतं, पण अमुक एक गुहा ठरवण्याला तसा भक्कम आधार नाही. तिकडे चढून जाण्यात वेळ आणि गुडघे दोन्ही जातात.

पटांगणात फेरीवाले असतात. खजूर, तस्बीह, अत्तर, मरियम बूटी म्हणून विकलं जाणारं वाळकं झुडूप. बाळंतपणासाठी ते घेणाऱ्या बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याचं पाणी पिऊ नये. उहुदचा दगड किंवा माती विकत घेऊ नये, उचलूनही आणू नये. अजवा खजूर इथे घाईत घेतली तर फसगत होते: अजवा लहान, गोलसर, काळपट आणि अंगावर बारीक फिक्या रेषा असलेली, लांबट काळी खजूर असेल तर ती बहुधा सफावी, आणि तिचा भाव कमी असायला हवा. एक दाणा चाखून, किलोचा भाव दोन-तीन दुकानांत विचारून, मस्जिद-ए-नबवीजवळच्या बाजारात घेतलेली बरी.

मग बस घ्यावी की टॅक्सी? घरात चालायला जड जाणारी म्हातारी माणसं असतील आणि पॅकेजमध्ये बस फुकट मिळत असेल तर बस ठीक, कारण ती दारातून नेते आणि दारात सोडते. पण चार-पाच जण मिळून टॅक्सी केली तर माणशी खर्च फारसा जड होत नाही आणि उहुदला हवा तेवढा वेळ मिळतो. टॅक्सी ठरवताना थांब्यांची नावं, प्रत्येक ठिकाणचा थांबण्याचा वेळ आणि एकूण रक्कम रियालमध्ये आधीच ठरवून कागदावर लिहून घ्यावी. जाण्याचा भाव ठरतो आणि थांबण्याचा ठरत नाही, वाद होतो तो तिथेच. ॲपवरून घेतलेली टॅक्सी सोडून जाते, त्यामुळे परतीची वेगळी बोलवावी लागते. सकाळी ती लवकर मिळते, जुमाच्या नमाजच्या आसपास नाही. रमजानमध्ये भाडं चढतं आणि अस्रनंतर इफ्तारच्या गडबडीत रस्ते अडतात, तेव्हा पहाटेच जावं. उहुदला किमान दीड तास धरावा: टेकडी आणि मांडणी समजायला चाळीस मिनिटं, कबरस्तानापाशी वीस, मस्जिदीत दोन रकात आणि वजूला वीस, बाकी चालण्या-बसण्याला.

बस घ्यायची असेल तर पैसे भरण्याआधी टूरवाल्याला चार गोष्टी विचाराव्यात. उहुद पहिलं आहे का? तिथे प्रत्यक्ष किती मिनिटं, उतरणं-चढणं सोडून? सोबत आलिम (धर्माचा जाणकार) असतो की ड्रायव्हरच माइकवर बोलतो? खजुरांचं दुकान टाळता येईल का? ड्रायव्हर बहुधा उर्दूत पाठ केलेलं बोलतो आणि गाडी चालवता चालवता बोलतो, त्यामुळे मागच्या चार रांगांना काही ऐकू येत नाही. गावाकडच्या, मराठी किंवा कोकणीच नीट समजणाऱ्या आजींना तर निम्मं कळत नाही. ग्रुपमधल्या एखाद्या शिकलेल्या मुला-मुलीने आदल्या रात्री हॉटेलवर सगळ्यांना एकत्र बसवून मुसअब यांची हकीकत आपल्या भाषेत सांगितली, तर सकाळी उहुदवर त्यांना काहीच समजावून सांगावं लागत नाही, दिशा तेवढी दाखवली की पुरतं. आणि गाइड शेवटी विचारतो, कुणाला काही विचारायचं आहे का, तेव्हा मुसअब यांचं नाव घेऊन विचारावं. पुढच्या बसला तो ते आपणहून सांगेल.